तिखट शिरका घरी करा, पण गोळी बंद करू नका

गेल्या काही वर्षांपासून मोबाईलवर एक नुस्खा फिरतो आहे. लिंबू, अद्रक आणि लसूण यांचा रस व सफरचंदाचा शिरका सारख्या मापाने घ्यायचा, आटवायचा, त्यात मध घालायचा आणि रोज उपाशीपोटी प्यायचा. मग म्हणे हृदयातले ब्लॉकेज निघून जातात आणि ऑपरेशन टळते. याचाच भाऊ म्हणजे अद्रक, लसूण, कांदा, मिरची, हळद शिरक्यात मुरवून केलेले तिखट टॉनिक. आता ते बाटलीत भरून विकलेही जाते. बीपी, शुगर, सांधेदुखी, पोटाची चरबी, सगळ्यांवर एकच बाटली!

माझे मत सरळ आहे. हा शिरका चवीचा पदार्थ म्हणून चांगला आहे आणि तो घरी करता येतो. पण तो औषध नाही. त्याच्या भरवशावर बीपी-शुगरची गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आधी पैशाचे बोलू. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा अद्रकाचा पट्टा. देवगाव रंगारीच्या आसपास आपल्या कितीतरी माता-भगिनी अद्रकाच्या लागवडीला आणि काढणीला रोजाने जातात. ज्या अद्रकाची माती आपण आपल्या हाताने झटकली, तेच अद्रक लेबल लावून आले की आपण दोन दिवसांची मजुरी देऊन विकत घ्यायचे, हे कुठले शहाणपण? अमेरिकेत या टॉनिकला 'फायर सायडर' म्हणतात. रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकवणाऱ्या बाईंनी ते १९८० च्या सुमारास लोकांना शिकवले. पुढे २०१२ मध्ये एका कंपनीने त्या नावावर ट्रेडमार्क घेतला. वनौषधीवाल्यांनी त्याला विरोध केला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे नाव सगळ्यांचे आहे, एका कंपनीचे नाही, असा निकाल दिला. घरोघरी होणाऱ्या पदार्थावर कुणाची मालकी नसते.

करायचे कसे? काचेची स्वच्छ, कोरडी बरणी घ्या. १०० ग्रॅम अद्रक, लसणाचे दोन गड्डे, एक कांदा, चार-पाच हिरव्या मिरच्या, बोटभर ओली हळद, दहा-बारा काळी मिरी आणि लिंबाच्या दोन-चार फोडी घ्या. सगळे धुऊन, पुसून, बारीक चिरून बरणीत घाला. वरून सगळे बुडेल इतका शिरका ओता. अर्धा ते पाऊण लिटर लागेल. पाणी अजिबात घालू नका. शिरक्याचा आंबटपणा हाच त्यातल्या जंतूंना आवरतो. पाणी घातले की तो पातळ होतो. लेबलवर ४ ते ५ टक्के आम्लता लिहिलेला खाण्याचा शिरकाच घ्या. सुटे तीव्र ॲसिड आणून घरी शिरका बनवू नका, त्याने घसा आणि अन्ननळी भाजते. लोखंडी झाकण गंजते, म्हणून प्लास्टिकचे लावा. बरणी सावलीत ठेवा आणि रोज एकदा हलवा. लसूण निळसर-हिरवा झाला तर घाबरू नका, आंबटात तसे होते. पण वर बुरशी दिसली तर सगळे फेकून द्या. तीन-चार आठवड्यांनी फडक्यातून गाळा. उरलेला चोथा वाटला की झकास चटणी होते.

मूळ कृतीत एक विलायती झणझणीत मूळ असते. त्याच्या जागी शेवग्याचे मूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या मुळाच्या सालीत अपायकारक द्रव्ये असतात आणि गरोदर बाईने तर ते मुळीच घेऊ नये. तशीच झणक हवी असेल तर चमचाभर मोहरी कुटून घाला.

आता एक प्रश्न, जो आपल्या घरांत हमखास विचारला जातो. शिरका दारूपासून होतो, मग पाचवे शील मोडते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजून घेतले पाहिजे. फळाच्या किंवा उसाच्या रसातली साखर आंबली की तिची दारू होते. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू हवेच्या साहाय्याने त्या दारूचे आम्ल करतात. तेच आम्ल म्हणजे शिरक्याचा आंबटपणा. नशा आणणारा पदार्थ त्यात नावापुरताही क्वचितच उरतो. ज्यावर 'सिंथेटिक' लिहिलेले असते, तो स्वस्त पांढरा शिरका तर अशा आंबवण्यातून येतच नाही. शील आहे ते शुद्ध हरपवणाऱ्या, प्रमाद घडवणाऱ्या मद्याविषयी. चमचाभर शिरक्याने कुणाचे भान जात नाही. तरीही ज्यांचे मन घेत नाही त्यांनी लिंबू-अद्रक वापरावे, काही बिघडत नाही.

मग याचा उपयोग काय? पोळी, भात अशा जेवणासोबत शिरका घेतला तर जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण ते थोडेच, आणि गोळीची बरोबरी त्यात नाही. वजनाचे म्हणाल, तर सफरचंदाच्या शिरक्याने वजन झपाट्याने उतरते असा लेबनॉनमधला एक अभ्यास २०२४ मध्ये गाजला. त्यातल्या आकड्यांवर शंका आल्या आणि २०२५ मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. पहिली बातमी मोबाईलवर सगळीकडे पोचली. दुसरी किती जणांपर्यंत पोचली? आणि रक्तवाहिनीतले ब्लॉकेज शिरक्याने विरघळत नाही. शिरका पोटात जातो, नळ धुतल्यासारखा रक्तवाहिन्या धूत फिरत नाही.

माझ्या मते याचा खरा उपयोग ताटात आहे. आपल्या जेवणात मीठ फार. ठेचा, खारवलेली मिरची, लोणचे, पापड आणि वर कच्चे मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे म्हणते. कांदा-काकडीच्या कोशिंबिरीवर हा तिखट शिरका शिंपडला तर मीठ कमी घालूनही चव लागते. बीपीवाल्याला झालाच तर हा फायदा आहे. प्यायचाच असेल तर एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात, जेवणासोबत घ्या. नुसता घेतला तर दातांवरचे कवच झिजते आणि घसा जळतो. जळजळ, अल्सर असेल त्यांनी टाळावा. रक्त पातळ करणारी, लघवी वाढवणारी किंवा शुगरची औषधे चालू असतील त्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शुगर असेल तर त्यात मध नको. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच चाटवू नये.

बाबासाहेबांना मधुमेह होता. त्यांच्या उपचारात इन्सुलिन होते आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. ज्या महापुरुषाने आपल्याला चिकित्सा करायला शिकवले, त्याच्या अनुयायांनी कुणी पुढे पाठवले म्हणून औषध सोडावे का? तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावर काही मानू नका, तपासून पाहा. शिरकाही तपासा. तो पिण्याआधी बीपी मोजा, महिन्याने पुन्हा मोजा. यंत्र भीड धरत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही. असा दावा बाटलीवर दिसला तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणि गोळीसाठी पैसे नाहीत म्हणून बाटलीकडे वळत असाल, तर हे लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सगळे मोफत केले आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी ही सरकारी योजनाच आहे. दवाखान्यात गोळ्या संपल्या असे उत्तर मिळाले, तर गप्प परत येऊ नका. चार जणी मिळून जा, लेखी मागा. ती भीक नाही, हक्क आहे.

विहारात पौर्णिमेला आपण जमतोच. त्या दिवशी वंदनेनंतर आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला बोलवावे, बीपीचे यंत्र ठेवावे आणि वहीत प्रत्येकाचा आकडा लिहावा. महिला मंडळाने ठरवले तर येत्या पौर्णिमेपासूनच हे सुरू होईल. ज्यांना हौस आहे त्यांनी तिखट शिरक्याची बरणीही जरूर आणावी. सगळ्यांनी चाखावी, आणि घरी जाऊन आपली गोळी वेळेवर घ्यावी.

जयभीम!