काटकसर कशासाठीं ?

काटकसर आणि कवडीचुंबकपणा यांत महदंतर आहे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पैसा राखण्यासाठीं गरजेची वस्तुहि नाकारणें हा कवडीचुंबकपणा. गरज कोठें संपते व हांव कोठें सुरू होते हें ओळखणें ही काटकसर. परंतु ही ओळख वाटते तितकी सोपी नाहीं, याचा अनुभव आम्हांस स्वतःच्याच घरीं आला.

आमच्याकडे ६० वॅटचे चार जुने दिवे होते. रोज पांच तास जळणारा असा एक दिवा महिन्याकाठीं ९ युनिटें वीज घेई. त्यांच्या जागीं ९ वॅटचे एलईडी दिवे बसविले, तेव्हां तेवढाच प्रकाश दिव्यामागें दीड युनिटाच्या आंत मिळूं लागला. चार दिव्यांचीं मिळून महिना ३० युनिटें वांचलीं आणि उतरलेलें बिल पाहून आम्ही स्वतःवरच खूष झालों. त्याच आनंदांत पुढील उन्हाळ्यांत दीड टनी वातानुकूलन यंत्र घरांत आलें ! तें तासाला एकच युनिट घेतें असें धरलें, तरी आठ तासांच्या रात्रीचीं आठ युनिटें होतात. म्हणजे महिन्याची बचत चार रात्रींत फस्त !

महाराष्ट्रांतील बरीचशी वीज अजूनहि कोळशावर होते व एका युनिटामागें अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. ज्या चंद्रपुरास मोठें औष्णिक वीजकेंद्र आहे, तेथील उन्हाळा किती दाहक, हें आमचे वैदर्भीय वाचक जाणतातच. आमच्या शय्यागृहांतील गारव्यासाठीं दुसऱ्याच्या अंगणावर धूर यावा, हा व्यवहार कोणत्याहि वहींत जमेच्या बाजूस मांडतां येणार नाहीं.

यंत्र विकून टाकावें, असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत वृद्ध वा आजारी माणूस असल्यास तें गरजेचेंच होय. मात्र ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणें यंत्रावरील तपमान एका अंशानें वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते. म्हणून आमच्या घरीं आतां २६ अंश, जोडीला पंखा, आणि तेंहि निजतांना दोनच तास, असा नेम आहे.

वांचलेल्या पैशानें लागलीच दुसरी वस्तु आणिली, तर ती बचत नव्हे. खर्चानें केवळ घर बदललें. सुज्ञ गृहिणींनीं जमाखर्चाच्या वहींत एक रकाना वाढवावा : “हें घेतलें नसतें तर काय अडलें असतें ?” आमचा रकाना पहिल्याच महिन्यांत लाज वाटावी इतका भरला, हेंहि प्रांजळपणें नमूद करितों.