बटण दाबण्याआधी एक क्षण



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. पहाटे मंदिरात जायच्या घाईत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि गॅसचा वास आला. आदल्या संध्याकाळी ओटा पुसताना शेगडीचा कॉक थोडा फिरला असावा. खिडकी रात्रभर बंद होती. माझा हात सवयीने चिमणीच्या बटणाकडे गेला. वास बाहेर काढायला तर ती बसवली आहे ना!

मागून सासूबाई ओरडल्या, "अगं, हात लावू नकोस!"

त्यांनी आधी सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला, मग दारं-खिडक्या उघडल्या. दिवासुद्धा लावू दिला नाही. पूर्वी पहिलं सिलेंडर घरात आलं तेव्हा देणाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट त्यांनी इतकी वर्षं जपली होती: वास आला की कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. शिकलेली मी, आणि घर वाचवलं त्यांनी.

नंतर समजून घेतलं. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीलगत साचतो. वर टांगलेली चिमणी तो नीट ओढून काढत नाही. उलट बटणात किंवा मोटारीत पडलेली बारीकशी ठिणगी भडका उडवायला पुरते. चालू असलेलं बटण बंद करतानाही ठिणगी पडते, म्हणून जे चालू आहे ते चालू आणि जे बंद आहे ते बंद राहू द्यावं. घराबाहेर येऊन मग १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक आजच ओट्याजवळ लिहून ठेवा.

हे सगळं आठवलं ते मध्यंतरी शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाताना. गाडीत विषय निघाला मायक्रोवेव्हचा. एक काकू म्हणाल्या, "त्या किरणांनी अन्न बिघडतं, आपल्या घरात नकोच ते." एक सूनबाई म्हणाली, "काकू, आता सगळं मशीनच बघतं, आपण फक्त बटण दाबायचं." मला दोघींचंही पटलं नाही.

किरणांची भीती जास्तच आहे. मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नातल्या पाण्याला हलवतात, त्याने अन्न तापतं. यंत्र बंद झालं की लहरीही संपतात, अन्नात काही उरत नाही. दार नीट लागत नसेल, काच तडकली असेल किंवा कडेची पट्टी खराब झाली असेल, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. मुनिमहाराजांच्या चौक्यात हे यंत्र येत नाही, आणि कुणाचा त्याग असेल तर तो वंदनीयच आहे. पण त्याग धर्मासाठी असावा, ऐकीव भीतीपोटी नसावा.

आणि "मशीन बघतं" हे तर त्याहून धोक्याचं. मशीन काहीच बघत नाही, बघायचं आपणच. आपल्याकडे वस्तू उचलताना-ठेवतानासुद्धा जीव पाहून, जपून हात लावायला सांगितलं आहे. प्रमादातून घडते ती हिंसा, हे आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. मग तो यत्नाचार चुलीपुरता आणि झाडूपुरताच का? बटणालाही तोच लागू आहे.

मायक्रोवेव्ह लावण्याआधी आत डोकावून पाहा. सांडलेल्या गोडाच्या थेंबाला मुंग्या लागलेल्या असतात. स्टीलची वाटी, सोनेरी काठाचा कप, फॉइल आत नको, ठिणग्या उडतात. चांदीचा वर्ख लावलेल्या मिठाईचंही तेच. घट्ट झाकणाचा डबा फुटू शकतो, म्हणून झाकण सैल ठेवा. मेलामाइनच्या ताटल्या तर नकोतच. पापड भाजायला ठेवून फुलं वेचायला जाऊ नका. आत पेट घेतलाच तर दार उघडू नका, बटण बंद करून प्लग काढा. आणि हा प्लग जाड पिनेच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच हवा, एक्स्टेंशन बोर्डवर नको.

एक खास आपल्यासाठी. प्रासुक पाण्यासाठी कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये उकळणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. गुळगुळीत कपात पाणी उकळण्यापलीकडे तापतं, पण बुडबुडा दिसत नाही. वर लवंग किंवा चमचा टाकला की एकदम उसळून हातावर, तोंडावर येतं. पाणी गॅसवर पातेल्यातच उकळा. तिथे ते उकळलेलं डोळ्यांना दिसतं.

आता चिमणी. वसमतची हळद घातलेली फोडणी जाळीवर कशी बसते ते जाळी धुणारीलाच ठाऊक. तो चिकट पिवळा थर म्हणजे तेलच. खाली कढई भडकली तर ज्वाळा जाळीपर्यंत पोचते आणि तो थर पेटतो. तेल पेटलंच तर गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी कधीच नाही. ऑटोक्लीन चिमणीची तेलाची वाटीही आपल्यालाच रिकामी करावी लागते. मी एक सवय लावली आहे: चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी जाळी गरम पाण्यात. पंधरवडा आपोआप लक्षात राहतो. ज्यांची चिमणी बिनपाइपची आहे त्यांनी खिडकी उघडी ठेवावी, कारण ती चिमणी वास कमी करते, पण ओल आणि ज्वलनाचे वायू घरातच परत सोडते.

पावसाळ्यात चिमणीच्या दिव्यावर पाखरं येतात आणि ओढली जातात. दिवेलागणीआधी स्वयंपाक आटोपला तर तो दिवा लावायचीच वेळ येत नाही. अंथऊची जुनी शिस्त नव्या यंत्रालाही किती नेमकी लागू पडते पाहा.

घरात यंत्र आणावं की नाही, हे ज्याच्या-त्याच्या घरी ठरेल. पण आणलं असेल तर घरातल्या प्रत्येकाला, मुलांना, सासऱ्यांना आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही ते समजावून सांगा. माझ्या सासूबाई चिमणी वापरत नाहीत. पण त्या पहाटे मी बटण दाबण्याआधी एक क्षण थांबले, तो त्यांच्यामुळेच.