धानाच्या गावातून जगाच्या बाजाराकडे

२० जुलै २०२३ रोजी केंद्राने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. कणीची निर्यात आदल्या सप्टेंबरातच थांबली होती. ऑगस्टअखेर उकड्या तांदळावरही २० टक्के कर बसला. दिल्लीतल्या या आदेशांचा अर्थ गोंदियाला समजावून सांगावा लागत नाही; इथे शेतात धान आणि गावात राईस मिल.

अर्थशास्त्रज्ञ हा अर्थ आकड्यांत मांडतात. विल मार्टिन आणि किम अँडरसन यांच्या अभ्यासानुसार २००६ ते २००८ मधल्या तांदळाच्या जागतिक दरवाढीपैकी सुमारे ४५ टक्के वाढ देशोदेशींनी आपापला बाजार बंदिस्त केल्यामुळे झाली. प्रत्येकाने आपलं घर राखलं आणि तांदूळ विकत घेणारे गरीब देश होरपळले. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था यांचा २०१८ चा अहवाल आपल्या शेतकऱ्याबद्दल बोलतो. २००० ते २०१६ या काळात व्यापार-निर्बंध आणि बाजारनियमांमुळे त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी सरासरी १४ टक्के गेले, अनुदानं जमेस धरूनही. हा न दिसणारा कर आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. शहरातलं ताट स्वस्त राहायलाच हवं. पण त्याची किंमत गोंदिया जिल्ह्यातल्या सडक-अर्जुनीच्या बांधावर का वसूल व्हावी? तिजोरीतून द्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली, ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्याची अटही गेली. पण मधल्या खरिपात मातीमोल विकलेलं धान परत येत नाही. या अंकातले लेख त्या धानाचा हिशेब मागतात.