ट्रेस की मॅक्स-आयगेन?



‘दोन चाचण्या दोन उत्तरे देतात, म्हणून जोहान्सन पद्धतच टाकाऊ’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष उतावळा वाटतो. भोकर, नांदेड, लातूरचे सोयाबीन भाव घ्या. ‘कोइंटिग्रेशनचे (भाव दीर्घकाळ सोबत चालण्याचे) एकही नाते नाही’ या गृहीतकासमोर या पद्धतीची ट्रेस चाचणी ‘एक किंवा अधिक’ हा पर्याय ठेवते, मॅक्स-आयगेन चाचणी ‘नेमके एक’. मग उत्तरे जुळलीच पाहिजेत असे कुठे आहे? तिन्ही बाजार खरोखर एकाच भावामागे चालत असतील तर नाती दोन निघायला हवीत. अशा वेळी मी ट्रेसकडे झुकेन. पण आधी लॅग (मागचे कालखंड) किती घेतले ते सांगा! शिवाय हंगाम सरला की लहान बाजारात आवक आटते, भावाचे रकाने रिकामे राहतात. मासिक सरासरीने ते झाकले तर नोंदी थोड्याच उरतात, आणि थोड्या नोंदींत दोन्ही चाचण्या नसलेली नातीही दाखवतात.

– एक वाचक, भोकर (जि. नांदेड)