सांध्यांबरोबर झोपही विचारा

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशोबाने. बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना, की हजार भरत नाहीत आणि हातात पैसे कमी पडतात. मग घरखर्चाची काळजी, तिने उडालेली झोप आणि जागरणाने वाढलेला ठणका. अशी रुग्ण समोर बसली की आपण बोटे दाबून पाहतो आणि गुग्गुळाचा कल्प लिहून देतो. झोपेचे विचारायचे राहूनच जाते.

ताण दीर्घकाळ राहिला की पेशी कॉर्टिसॉलला नीट दाद देत नाहीत आणि आयएल-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्ये आवरत नाहीत. चिंता, शोक, जागरण असेल तर मापात घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे चरकाने विमानस्थानात सांगितले आहे. आमवाताची चिकित्सा करताना आपण ते विसरतो, याची आम्हाला खंत वाटते.

आपल्या औषधांना पुरावा नाही, असे कोणी म्हणू नये. सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली संधिविकारांची पाहणी सुरू करणारे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी केली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल आणि आवळा, काही रुग्णांना सोबत शल्लकी, असे ते कल्प होते. ते सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइनच्या तोडीचे ठरले. काही रुग्णांत एसजीपीटी वाढले व नंतर उतरले, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. मात्र ही चाचणी झिजेच्या संधिवाताची होती, आमवाताची नव्हे. हैदराबादला २०१२ साली अश्वगंधाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस दिल्यावर ताण आणि कॉर्टिसॉल दोन्ही घटले. पण ती माणसे ताणाने त्रस्त होती, सांधेदुखीचे रुग्ण नव्हती. ताण आणि सूज एकाच रुग्णात मोजणारे काम आपल्या ओपीडीतच उभे राहू शकते.

हळदीबद्दल एक सावधगिरी. कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरते. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यास त्याची उपलब्धता सुमारे वीसपट होते, असे बंगळुरूच्या अभ्यासात १९९८ साली दिसले. पण हेच पायपेरिन यकृतातून इतर औषधांचा निचराही मंदावते. रुग्ण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर असा कल्प देण्याआधी थांबा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आपण होऊन बंद करू नका. त्याच्यासोबत काही द्यायचे झाल्यास यकृताच्या तपासण्या करूनच द्या. आणि दोन दिवसांत जादूने सूज उतरवणारी बिननावाची पुडी रुग्ण दाखवील, तेव्हा तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय धराच.

वैद्यमित्रहो, केसपेपरवर सकाळच्या आखडलेपणाची मिनिटे लिहिता तशी झोपेचे तास आणि घरातली काळजीही लिहा. सुरुवातीचे व सहा आठवड्यांनंतरचे एसजीपीटी त्याच पानावर असू द्या. अशा नोंदी, रुग्णाचे नाव वगळून, आमच्याकडे पाठवा. गुण न आलेल्या रुग्णांच्याही पाठवा. त्या आम्ही आधी छापू.