मोडलेल्या फासळीचे दुखणे अंगावर काढायला लावू नका

फासळी मोडली की सांगतात, ‘याला प्लास्टर नसते, आपोआप जुळेल, दुखले तर गोळी घ्या.’ हाड जुळतेही. पण तोवरचे आठवडे वृद्धांच्या जिवावर बेतू शकतात. प्रत्येक श्वासाला कळ येते, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. अमेरिकेतील सिएटल येथील 2000 सालच्या अभ्यासात, फासळ्या मोडून दाखल झालेल्या पासष्टीपुढच्या रुग्णांपैकी 31 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, 22 टक्के दगावले. पासष्टीच्या आतल्या रुग्णांत हेच आकडे 17 आणि 10 होते. म्हणजे इथे वेदना थांबवणे हाच मुख्य उपचार आहे.

तरीही भिस्त गोळ्या-इंजेक्शनांवरच असते. मॉर्फिनच्या जातीची औषधे गुंगी आणतात, श्वास मंदावतात. नेमके जे टाळायचे तेच. पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे एपिड्युरल इंजेक्शन गुणकारी असते, पण रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना ते बहुधा देता येत नाही. आणखी एक पर्याय आहे नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतू बधिर करणे. त्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत छातीच्या किंवा पाठीच्या स्नायूंच्या थराखाली बधिर करणारे औषध सोडतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये आपत्कालीन विभागांत याची चाचणी झाली. चार तासांनी वेदना ठरलेल्या पातळीखाली आलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांत सुमारे 20 टक्के होते, ब्लॉकची जोड दिलेल्यांत 41 टक्के.

या चाचणीत न्यूमोनिया किंवा मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि तो लपवू नये. पण माणसाला नीट श्वास घेता यावा, एवढे कारणही मला पुरेसे वाटते. औषध रक्तात जाऊन झटके येण्याचा किंवा सुई फुप्फुसाला लागण्याचा धोका क्वचित असतो. म्हणूनच मात्रा वजनानुसार ठरवावी, उतारा म्हणून लिपिड इमल्शन हाताशी असावे आणि हे काम प्रशिक्षित हातांनीच करावे. खरी अडचण पुढे आहे. ब्लॉकसाठी सोनोग्राफी यंत्र लागते, आणि गर्भलिंग निदान रोखण्यासाठी आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. हा कायदा हवाच. मात्र भूलतज्ज्ञांना अपघात विभागात नोंदणीकृत यंत्र वापरता यावे, याची सोय जिल्हा रुग्णालयांत शासनाने आवर्जून करायला हवी.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दोन-तीन फासळ्या मोडल्या असतील, तर ते रक्त पातळ करणारे कोणते औषध घेतात हे डॉक्टरांना आधी सांगा आणि ब्लॉक देता येईल का, हे न संकोचता विचारा.