विश्लेषण : मांजरासाठी घरचं जेवण... नुसतं उकडलेलं चिकन का पुरत नाही?

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. कारण निघालं बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आणि संशय गेला त्यांना खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर. जानेवारीत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. तेव्हापासून मांजर पाळणाऱ्या घरांत एक प्रश्न वारंवार येतोय : मांजराला घरी काय द्यायचं आणि कसं?

कच्चं मांस नको, इतकं तर या घटनांवरून स्पष्टच आहे. ‘मांजर मूळचं शिकारी, त्याला कच्चंच चांगलं’ हा युक्तिवाद दुकानातून आणलेल्या कोंबडीला लागू होत नाही. मांस आतपर्यंत नीट शिजलं की हा विषाणू मरतो.

पण खरी अडचण शिजवल्यानंतर सुरू होते.

मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो. माणसाचं शरीर तो बनवतं, मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, त्यामुळे तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की हृदयाचे स्नायू ढिले पडतात, दृष्टीही जाऊ शकते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हा संबंध दाखवून दिला. विशेष म्हणजे, ती मांजरं चक्क पाकिटातलं खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. घरच्या भांड्यात मात्र ते वाढवणारं कुणी नसतं. उलट टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन उकडून ते पाणी आपण बेसिनमध्ये ओततो, तेव्हा टॉरिनही त्याच्यासोबत जातं. म्हणून पाणी कमी घालावं आणि उरलेलं त्याच खाण्यात मिसळावं. छातीच्या मांसापेक्षा तंगडीत टॉरिन जास्त असतं, हृदयात त्याहून जास्त.

दुसरी उणीव कॅल्शियमची. उंदीर खाणारं मांजर हाडांसकट खातं. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. महिनोन् महिने असंच चाललं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. यावर शिजवलेली हाडं देणं हा उपाय नाही, त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. कलेजीही रोज नको, ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर जातं. आणि आपल्या घरांतला लाडका दूधभात? बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि भातातून त्यांना हवं ते फारसं मिळत नाही. आपल्यासाठी केलेला रस्सा तर अजिबात नको, कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

इंटरनेटवरच्या पाककृतींवर किती भरवसा ठेवायचा? अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या शंभराहून अधिक पाककृती तपासल्या गेल्या. मांजराच्या सगळ्या गरजा भागवणारी एकही निघाली नाही.

आठवड्यातून एक-दोनदा घरचं खाऊ दिल्याने काही बिघडत नाही. रोजचं जेवणच घरचं करायचं असेल, तर टॉरिन आणि कॅल्शियमचं प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावं. बदलही हळूहळू, जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळून करावा. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराबाबत चुकतो : दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं.